ताटाचं वाक्य

माझे भावोजी चार माणसांसमोर उभे राहिले की त्यांच्या घशाला कोरड पडायची. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, आणि निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी बोला, बोला म्हणून धरलं, तर खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उठले, "आभारी आहे" म्हणाले आणि बसले. पण मैदानात वीस हजार माणसं ज्या वाक्यांना टाळ्या पिटायची, ती वाक्यं याच माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीने लिहिलेली असायची. आहे की नाही गंमत? मी तेव्हा पोट धरून हसायचे. आता तेवढं हसू येत नाही.

मी त्यांची मेहुणी. त्यांची बायको ती माझी थोरली बहीण, ताई. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं शिवणकामाचं दुकान आहे. निवडणुका आल्या की झेंडे शिवायचं काम माझ्याकडे येतं, सगळ्याच पक्षांचं. कापड एका गठ्ठ्यातलं, दोरा एका रिळाचा, रंग तेवढा निराळा. त्यामुळे राजकारणाबद्दल माझं मत कुणी विचारू नये. विचारलं तर मी देते, आणि मग गिऱ्हाईक तुटतं.

तर साहेब. साहेब तेव्हा साहेब नव्हते. वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलेला, रुमालाने मान पुसत फिरणारा एक माणूस होता, आणि आपलं पत्रक छापून घ्यायला छापखान्यात आला होता. पत्रकात रस्ते, गटारं, दिवे, शाळा, तरुणांचं भवितव्य, सगळं पिशवीत कोंबल्यासारखं कोंबलेलं. भावोजींचं काम फक्त चुका काढायचं. त्यांनी चुका काढल्या आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सगळं खोडून खाली तीन ओळी लिहिल्या. तिन्ही ओळी एकच होत्या: नळाला रोज पाणी आलं पाहिजे. तो माणूस भडकला, कागद हिसकावून गेला, आणि दोन तासांनी परत येऊन म्हणाला, असंच छापा. निवडून आला. नळाला पाणीही आलं, एक दिवसाआड.

तेव्हापासून भाषणं लिहायचं काम यांच्याकडे. भावोजी कामाविषयी बोलायला लागले की मात्र माणूस मोकळा व्हायचा. मी एकदा विचारलं होतं, तेच तेच ऐकून लोकांना कंटाळा कसा येत नाही? तर चष्मा काढून म्हणाले, "एकदा सांगितलं की लोक ऐकतात. दुसऱ्यांदा सांगितलं की लक्षात ठेवतात. तिसऱ्यांदा सांगितलं की त्यांना वाटतं, हे तर आपलंच म्हणणं, हा माणूस आपल्या मनातलं बोलतोय."

आणि चौथ्यांदा? मी विचारलं. त्यावर जरा विचार करून म्हणाले, चौथ्यांदा नको, चौथ्यांदा कळतं.

भाषण म्हणजे त्यांच्या दृष्टीने नुसती वाक्यं नव्हती. वाक्यांच्या मध्ये ते खुणा करायचे. एक उभी रेघ म्हणजे श्वास घ्या. दोन रेघा म्हणजे शेवटच्या रांगेकडे बघा. आणि लाल पेन्सिलीने गोल काढला की गप्प राहा, आता लोकांना बोलू द्या. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि उरलेलं गर्दीने पुरं करायचं. माणसाने एखादी गोष्ट स्वतःच्या तोंडाने म्हटली की ती त्याला खोटी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हे ऐकून अंगावर काटा यायचा, पण ते असं सांगायचे जसं मी बाहीची कड कशी दुमडायची ते सांगेन.

आणि भाषण बरं झालंय की नाही हे ठरवायची ताई. ती भाजी निवडत बसायची, भावोजी समोर बसून वाचायचे. तिचे हात चालू राहिले की वाक्य खोडायचं. हात थांबले की ठेवायचं. ती तोंडाने काही म्हणायची नाही, तिला त्या साहेबाचं काडीचं कौतुक नव्हतं. एवढ्या मोठ्या सभा, ते भोंगे, ते हार, आणि सगळं अडलेलं कशावर, तर माझ्या बहिणीच्या हातातल्या भाजीच्या जुडीवर.

ताईचं स्वतःचं एक वाक्य होतं. तिची लेक, आमची ठकी, म्हणजे लहानपणी गोल गोबऱ्या तोंडावरून पडलेलं नाव, ती नर्स झाली. आधी इथल्याच दवाखान्यात होती. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी एकीच्या जागी दुसरी, घरी येण्याचा काही नेम नाही. ती दारात बूट घालायला बसली की ताई आतून म्हणायची, "उशीर झाला तरी ये, ताट झाकून ठेवते." एका दमात. हातातलं काम न सोडता, वर न बघता. ठकी म्हणायची, हो गं आई, पाठ झालंय. मी दुकान उघडायला जाताना कितीदा ऐकलंय. आणि ताट झाकलेलं असायचंच. वर दुसरं ताट पालथं आणि त्याच्यावर वाटी, मांजराने ढकलू नये म्हणून.

ताई आठ दिवसांच्या आजारात गेली. तेव्हा ठकी तीन तासांवरच्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यात होती. ती आली, महिनाभर राहिली, नोकरीवर परत गेली. जायच्या दिवशी ती बूट घालायला बसली. मी दारात होते, भावोजी आत टेबलाशी होते. तिने बुटाची नाडी दोनदा सोडून दोनदा बांधली. आतून आवाज आला नाही. कुठून येणार? मग उठली आणि गेली. मी दुकानात जाऊन शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले, हे तुम्हाला म्हणून सांगते.

भावोजी तसे पहिल्यापासून कमी बोलणारे, आता घर अगदीच मुकं झालं. संध्याकाळी मी भाजी घेऊन जायचे तर ते टेबलाशी बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीला भाषण वाचून दाखवत असायचे. मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं. जुडी हातात घेतली. पण मला राजकारण्यांची वाक्यं ऐकली की तोंड आवरत नाही, मी मध्येच बोलायचे, आणि त्यांनी हळूच सांगितलं की तुम्ही नका बसू.

त्याच वर्षी साहेब मोठ्या निवडणुकीला उभे राहिले. वॉर्डापासून चढत चढत आता वरच्या खुर्चीपर्यंत आले होते, आणि तो शेवटचा जिना होता. भावोजींकडे निरोपावर निरोप, काहीतरी असं द्या की लोकांच्या काळजाला हात घातला पाहिजे. आठ दिवस यांची पेन्सिल हलली नाही. नवव्या दिवशी त्यांनी एक कागद पाठवला. त्यावर काय होतं ते मला कळलं थेट सभेत.

पहिली सभा मोठ्या मैदानावर होती. झेंडे माझे, म्हणून मी गेले होते, शिवण कुठे उसवली तर दोन टाके घालायला. साहेब बोलले. रस्ते, पाणी, नोकऱ्या, झालं ते झालं. मग आवाज खाली आणला. म्हणाले, तुम्ही किती वर्षं वाट बघताय, मला माहीत आहे. तुम्हाला सगळ्यांनी उपाशी ठेवलं, मला माहीत आहे. पण आता घरात आपलं माणूस आहे. उशीर झाला तरी या... आणि थांबले. सगळ्या मैदानाकडे बघितलं. ताट झाकून ठेवलंय.

मला आधी कळलंच नाही मी काय ऐकलं. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगांनी उरलेलं म्हटलं. तिसऱ्यांदा वीस हजार माणसांनी म्हटलं. शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. मी भावोजींना शोधलं. ते व्यासपीठाच्या बाजूला, वायरींच्या भेंडोळ्याशेजारी उभे होते, आणि त्यांचा चेहरा मी ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच इतका उजळलेला पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

घरी येऊन मी त्यांना फैलावर घेतलं. माझ्या बहिणीचं बोलणं त्या माणसाच्या तोंडी घालायला तुम्हाला काही वाटलं नाही? ते म्हणाले, "घरात कुणी म्हणत नव्हतं. वाटलं, बाहेर तरी ऐकू येईल."

मी उचलली जीभ लावली टाळ्याला करणारी बाई, पण उठून त्यांचं ताट वाढलं.

साहेब निवडून आले. ‘ये’चं ‘या’ होणारच होतं, पण मूळ वाक्यात साहेबांनी आणखी एक बदल केला होता. ताई म्हणायची, ठेवते. साहेबांनी ठेवलंय केलं. ठेवते म्हटलं तर लोक विचारणार, कधी? ठेवलंय म्हटलं की प्रश्नच मिटला. ही अक्कल मात्र त्यांची स्वतःची.

मग ते वाक्य मोकाट सुटलं. बसच्या पाठीवर आलं, शाळेच्या भिंतीवर आलं, खांबाखांबावर आलं. साहेबांच्या फोटोखाली, झाकलेल्या ताटाच्या चित्रासकट. चित्रात ताटावर ताट नव्हतं, चकचकीत काचेचं झाकण होतं. स्वस्त धान्याच्या योजनेला तेच नाव. फोन लावला की घंटीऐवजी आधी तेच. दोन वर्षं झाली, धान्य कुठे आलं, कुठे नाही आलं, आणि लोकांनी ते वाक्य उलटं करून वापरायला सुरुवात केली. टपाल कचेरीत रांग अडली की मागचा ओरडायचा, ताट झाकून ठेवलंय. पगार लांबला की तेच. विरोधकांनी सभेत रिकामं ताट वाजवून दाखवलं. लोकांचं तरी काय चुकलं? त्यांना एकदा दिलेली वस्तू ती त्यांची. कुणी मायेने म्हणायचं, कुणी कुत्सितपणे म्हणायचं, पण म्हणायचे सगळे.

ठकीला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा तिने बापाला फोन केला नाही, मला केला. मी सारवासारव केली. म्हटलं, निवडणूक संपली की विसरतील. तिने मनाला लावून घेतलं, पण येत राहिली. आणि मग एक दिवस तिच्या दवाखान्यात अपघाताची माणसं आली, एकदम चौदा. बाकं भरलेली, डॉक्टर दोनच, ही एकटी धावतेय. एका जखमी मुलीचे नातेवाईक खोळंबून खोळंबून संतापले आणि हिच्या तोंडासमोर टाळ्या वाजवत म्हणायला लागले, उशीर झाला तरी या, ताट झाकून ठेवलंय. एकाने सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. ती हातात सलाईनची बाटली घेऊन उभी, आणि भोवती तिच्या आईचं बोलणं शिवीसारखं. मुलगी वाचली, पण आमची ठकी त्या दिवशी आतून तुटली.

त्या संध्याकाळी तिने भावोजींना फोन केला. मी तिथेच होते. फोनमधून तिचा आवाज मला स्पष्ट येत होता. ती म्हणाली, "आईचं माझ्याकडे एवढंच होतं, बाबा. ते तुम्ही भोंग्याला दिलंत. तो माणूस ते म्हणायचं थांबेल ना, तेव्हा मी घरी येईन."

भावोजींनी फोन ठेवला आणि पेन्सिल घेतली, चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पत्र म्हणून पाठवायचं होतं, पण पाठवलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. दोष कुणाला द्यायचा? त्यानंतर दोन वर्षं ठकी घरी आली नाही. भावोजी रोज दोन माणसांचा स्वयंपाक करायचे. मी म्हणायचे, सकाळी मला आणून द्या उरलेलं, तर आणून द्यायचे. पण माझ्यासाठी केलेलं नव्हतं ते, एवढं मला कळायचं.

परवाच्या उन्हाळ्यात ठकीचा मला फोन आला. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती, पाच वर्षांचा करार, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला निघायचं. बाबांना सांगू नकोस म्हणाली. मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवून थेट चप्पल घातली आणि भावोजींना सांगितलं. अशा बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ते हातातली वाटी ठेवून म्हणाले, पाच वर्षांनी मी सत्त्याहत्तरचा असेन. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून दुकानात आले आणि म्हणाले, साहेबांकडे जायचंय, बरोबर याल का, मला बोलता येणार नाही.

साहेबांच्या कचेरीत आम्ही दोन तास बसलो. आत गेल्यावर मात्र साहेब उठून पुढे आले, भावोजींचे दोन्ही हात हातात घेतले, त्यांना मास्तर म्हणून हाक मारली. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही. भावोजींनी खिशातून कागद काढून दिला. रात्री लिहून काढलं होतं सगळं: बायको, लेक, दारातलं ते बोलणं, दवाखान्यातली गर्दी, पंधरा तारीख, आणि शेवटी विनंती, की एवढं एक वाक्य सोडा.

साहेब वाचायला लागले. मोठ्याने. आणि मला दरदरून घाम फुटला, कारण भावोजींनी सवयीने त्या कागदावरही खुणा केल्या होत्या. एक रेघ, साहेबांनी श्वास घेतला. दोन रेघा, साहेबांनी मान उचलून कपाटाकडे बघितलं, तिथे शेवटची रांग असल्यासारखं. लाल गोलाशी थांबले. माझी लेक दोन वर्षं घरी जेवलेली नाही, असं म्हणून थांबले, आणि दारातला शिपाई नाक ओढत होता. आपली स्वतःची व्यथासुद्धा या माणसाला दुसऱ्याच्या भाषणासारखीच लिहिता आली. मी भावोजींकडे बघितलं तर त्यांनी मान खाली घातली होती.

"सुंदर लिहिलंय," साहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, तेही जरा वरमले. कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाले, आजपासून बंद. बंद म्हणजे बंद. माझ्या तोंडून निघणार नाही. तीनदा झालं, मी मोजत होते. पण त्यांनी शब्द पाळला, हे मी मान्य करते.

रविवारी त्याच मैदानावर सभा होती. भावोजी म्हणाले बघायचंच. आम्ही व्यासपीठाच्या जिन्यापाशी उभे राहिलो. साहेब पाऊण तास बोलले आणि शेवटाला आले. आवाज खाली आणला. लोक पुढे सरकले. साहेब म्हणाले, तुमचं प्रेम असंच राहू द्या, येतो. हात जोडले. बस्स. भावोजींनी माझ्या दंडाला धरलं. मला वाटलं सुटलो.

मैदान गप्प होतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता, मी कधी ऐकली नव्हती. लोक वाट बघत होते. हक्काची वस्तू मिळाली नाही की माणूस जसा बघतो तसे बघत होते. मग मागून कुठून तरी एक पोरगेला आवाज आला, उशीर झाला तरी या. आणि वीस हजार माणसांनी उत्तर दिलं. पुन्हा. पुन्हा. साहेब हात जोडून, डोळे मिटून उभे. त्यांच्या तोंडून खरंच एक अक्षर निघालं नाही, आणि सभा एवढी रंगलेली मी जन्मात पाहिली नाही. असं होणार हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

आणि काय होतंय ते कळायच्या आत भावोजी माझ्या शेजारी नव्हते. ते जिना चढून वर गेले होते. चार माणसांसमोर कोरड पडणारा माणूस वीस हजार लोकांसमोर उभा राहून दोन्ही हात खाली दाबत होता, गप्प बसा, गप्प बसा. लोकांना वाटलं हा म्हातारा जोर द्या म्हणतोय. त्यांनी आणखी जोर दिला. एका कार्यकर्त्याने त्यांच्या गळ्यात हार घातला. मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. घरी येईपर्यंत ते एकच म्हणत होते, आता ती नाही येणार.

मंगळवारी दुपारी ठकी आली. दार उघडंच होतं. खांद्यावर एक पिशवी, चेहरा उतरलेला. मी भावोजींना शेंगा सोलायला मदत करत होते. तिने सांगितलं, दवाखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीवर सभा चालू होती. कुणीतरी म्हणालं, बघा हा म्हातारा कसा नाचतोय. सगळे हसले. तिने बघितलं तर बाबा. आवाज गर्दीचा होता, पण ओठ दिसत होते, आणि बाबा म्हणत होते, नका, नका. तिने रजेचा अर्ज टाकला आणि निघाली. एवढं सांगून ती बापाच्या गळ्यात पडली. भावोजींच्या हातातल्या शेंगा जमिनीवर सांडल्या त्या तशाच राहिल्या.

दोन दिवस राहिली. भावोजींनी तिला जे जे आवडतं ते केलं, मीठ विसरले, ती काही बोलली नाही. जायच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. जेवणं झाली होती, उष्टे हात वाळले तरी कुणी उठत नव्हतं. ठकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला आई ऐकू येते का अजून?"

भावोजी म्हणाले, दिसते. अगदी स्पष्ट दिसते. बाकीचं बोलणंही येतं, दूध उतू गेलं, तुमचा चष्मा कुठाय. पण ते वाक्य आठवायला गेलो की तोंड तिचं दिसतं आणि आवाज साहेबांचा येतो. मी खूप प्रयत्न केला, म्हणाले. सकाळी उठल्या उठल्या, कुणी काही बोलायच्या आधी करून पाहिला.

"माझंही तसंच झालंय," ठकी म्हणाली. "मला वाटलं होतं मी एकटीच."

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, मावशी, तुझा आवाज आईसारखा आहे, फोनवर मी अजून फसते. तू एकदा म्हण. आई म्हणायची तसं.

आता बघा, मी काही त्या भोंग्याला भुललेली बाई नव्हे. मी त्या सभांना फक्त सुईदोरा घेऊन गेले. एकदाही टाळी वाजवली नाही, एकदाही तोंड उघडलं नाही. आणि ताईचं ते बोलणं मी या दोघांइतकंच ऐकलेलं, ठकी नोकरीला लागली तेव्हापासून. मला वाटलं, एवढं तर मी या पोरीला देऊ शकते. मी सरळ बसले. ताईसारखी नजर खाली घातली, हातात उगाच एक वाटी घेतली, आणि म्हणाले, "उशीर झाला तरी ये..."

आणि थांबले.

ताई कधी थांबत नसे. एका दमात म्हणायची. मला थांबायचं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं, पण जिभेला ती जागा ठाऊक झाली होती. मी थांबले, आणि ते दोघं माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या शांततेत मला पुढे मैदान ऐकू आलं. पुढचं माझ्याने म्हणवेना. भावोजींनी डोळ्यांवर हात घेतला. ठकीने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाली, राहू दे मावशी.

चारची बस होती, आणि पंधरा तारखेचं परदेशी जाणं ठरलेलंच होतं. ती दारात बूट घालायला बसली. मी तिची पिशवी धरून उभी होते, आणि भावोजी मुद्दाम बाहेर येऊन उंबऱ्याशी उभे राहिले होते. तिने नाड्या बांधल्या. उठली. जायची वेळ झाली होती, तरी ती जरा उभी राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत. भावोजींनी ओठ उघडले, मिटले, परत उघडले. त्या घरात निरोपाचं दुसरं वाक्य कधी कुणी केलंच नव्हतं.

"नीट जा," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून गेली.